असिस्टंटशिपच्या दोन ऑफर हातात असतील तर: तुलना कशी करायची

फेब्रुवारीच्या शेवटापासून वालचंद, कराडचं शासकीय अभियांत्रिकी, राजारामनगर, विलिंग्डन आणि साताऱ्यातल्या कॉलेजांमधून अमेरिकेत अर्ज केलेल्या मुलामुलींना उत्तरं येऊ लागतात. घरचे पहिला प्रश्न विचारतात तो "वर्षाला किती देणार?" एवढाच, आणि पत्रावरचा मोठा आकडा बघून निर्णय होतो. ऊसबिलाचा अनुभव असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. जाहीर झालेला दर आणि तोडणी-वाहतूक वजा होऊन खात्यावर आलेली रक्कम यांत फरक असतो, आणि घर चालतं ते खात्यावरच्या रकमेवर. असिस्टंटशिपचंही, म्हणजे शिकवण्यात किंवा संशोधनात मदत करण्याच्या बदल्यात विद्यापीठ देतं त्या पैशाचंही, तसंच आहे. दोन ऑफरची तुलना करायची ती बारा महिन्यांत हातात काय उरतं आणि ते किती वर्षं नक्की मिळणार आहे, या दोन गोष्टींवर.

पुढची माहिती अमेरिकेतल्या एमएस आणि पीएचडीच्या ऑफरबद्दल आहे.

आधी हे जवळ घ्या

- दोन्ही विद्यापीठांची प्रवेशपत्रं आणि असिस्टंटशिपची पत्रं. ही बहुतेक वेळा वेगवेगळी असतात. प्रवेशपत्र ग्रॅज्युएट स्कूलचं (तिकडे ग्रॅज्युएट म्हणजे एमएस-पीएचडीचं), पैशाचं पत्र विभागाचं.
- प्रत्येक विद्यापीठाच्या बर्सर किंवा स्टुडंट अकाउंट्स (म्हणजे फीचा हिशेब ठेवणाऱ्या) कार्यालयाच्या संकेतस्थळावरचा ट्यूशन आणि फीचा तक्ता. चालू वर्षाचा आणि ग्रॅज्युएट विद्यार्थ्यांचाच घ्या.
- विद्यार्थी आरोग्य विम्याचा वार्षिक हप्ता.
- त्या गावातलं भाडं. कॅम्पसच्या आसपासच्या दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमधला एक वाटा किती पडतो ते पाहा.
- एक एक्सेल शीट. वही चालेल, पण शीटमध्ये एक आकडा बदलला की बेरीज आपोआप बदलते.

१. पत्रातले पाच शब्द शोधा

पत्र एकदा आनंदानं वाचून झालं की दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन वाचा.

पहिली गोष्ट, प्रकार. टीए म्हणजे शिकवण्यात मदत: लॅब घेणं, पेपर तपासणं, शंकानिरसनाचे तास. आरए म्हणजे एखाद्या प्राध्यापकाच्या प्रकल्पावर संशोधन. जीए म्हणजे बहुधा कार्यालयीन किंवा इतर काम. फेलोशिप असेल तर सहसा त्या बदल्यात काम नसतं. नुसता "फंडिंग" शब्द असेल तर यांपैकी कोणतं ते विचारून घ्या.

दुसरी गोष्ट, टक्केवारी. ५० टक्के किंवा ०.५० म्हणजे आठवड्याला २० तास, २५ टक्के म्हणजे १० तास. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. म्हणजे ५० टक्क्यांची असिस्टंटशिप असताना वर लायब्ररीत किंवा मेसमध्ये काम करून भर घालू, हा बेत कायद्यात बसत नाही. २५ टक्क्यांची असेल तर उरलेले १० तास मोकळे राहतात, पण तेवढ्यासाठी काम मिळेलच असं धरू नका.

तिसरी गोष्ट, महिने. "ॲकॅडमिक इयर" म्हणजे नऊ महिने, ऑगस्टच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. "कॅलेंडर इयर" किंवा "फिस्कल इयर" म्हणजे बारा. सर्वांत जास्त फसगत इथंच होते. नऊ महिन्यांचा २२,००० डॉलरचा स्टायपेंड (म्हणजे मिळणारं मानधन) आणि बारा महिन्यांचा २५,००० चा यांत महिन्याचा दर पहिल्याचा जास्त आहे, पण उन्हाळ्यात भाडं थांबत नाही. म्हणून मासिक आकडा बाजूला ठेवा आणि वर्षाची रक्कम वर्षाच्या खर्चासमोर मांडा.

चौथी गोष्ट, कालावधी. "चार वर्षांची हमी, समाधानकारक प्रगती असल्यास" हे चांगलं वाक्य आहे. "पहिल्या वर्षासाठी, पुढे निधीच्या उपलब्धतेनुसार" हे एका वर्षाचंच वचन आहे. एमएसला बऱ्याचदा एकाच सत्राची नेमणूक मिळते.

पाचवी गोष्ट, अट. "तुमचा असिस्टंटशिपसाठी विचार केला जाईल" या वाक्याची किंमत हिशेबात शून्य लिहायची. शिक्षक किंवा सीनियर "मिळतेच रे" म्हणाले तरी शून्यच.

२. ट्यूशन वेव्हर म्हणजे सगळी फी माफ नव्हे

इथं जरा थांबून काम करा, कारण हजारो डॉलरचा फरक या एका ओळीत लपलेला असतो.

सार्वजनिक विद्यापीठांत ट्यूशनचे दोन भाग असतात: राज्यातल्या विद्यार्थ्याचा दर आणि बाहेरच्यांसाठीची जादा रक्कम. काही ठिकाणी वेव्हर म्हणजे पूर्ण ट्यूशन माफ, काही ठिकाणी फक्त जादा रक्कम माफ होऊन तुम्हाला राज्याच्या दरानं भरावं लागतं. टेक्ससमधल्या सार्वजनिक विद्यापीठांत किमान १,००० डॉलरची स्पर्धात्मक शिष्यवृत्ती किंवा अर्धवेळ टीए-आरए मिळाली की राज्याचा दर लागू होऊ शकतो. मोठी सवलत आहे, पण उरलेली ट्यूशन कोण भरणार हे पत्रात वेगळं पाहावं लागतं.

त्यानंतर हे तपासा:

- वेव्हर किती क्रेडिटपर्यंत आहे. बऱ्याच ठिकाणी ग्रॅज्युएट विद्यार्थ्यासाठी ९ क्रेडिट म्हणजे पूर्णवेळ. वेव्हर ९ पर्यंत असेल आणि तुम्ही १२ घेतले, तर वरच्या ३ क्रेडिटचं बिल तुमचं.
- इंजिनिअरिंग किंवा बिझनेससाठी लागणारी जादा ट्यूशन, जिला डिफरेन्शियल ट्यूशन म्हणतात, ती माफ आहे का. ही फीच्या मुख्य तक्त्यात पटकन दिसत नाही.
- अनिवार्य फी: तंत्रज्ञान, वाहतूक, जिम, आरोग्य केंद्र, आंतरराष्ट्रीय विद्यार्थी शुल्क. वेव्हरमध्ये या सहसा येत नाहीत. काही ठिकाणी वर्षाला काही शेकड्यांत भागतं, काही ठिकाणी दोन हजारांच्या वर जातं.
- उन्हाळ्यात नाव नोंदवावं लागलं तर त्या क्रेडिटना वेव्हर लागतो का.
- असिस्टंटशिप सत्राच्या मध्येच सुटली तर माफ झालेली ट्यूशन परत मागतात का.

३. आरोग्य विमा

हप्ता विद्यापीठ पूर्ण भरतं, अर्धा भरतं, की पगारातून कापतं, एवढं पाहा. हप्ता वर्षाला काही हजार डॉलर असू शकतो. भारतातून स्वस्त पॉलिसी काढून नेऊ असं वाटत असेल तर आधी विद्यापीठाच्या अटी वाचा. बरीच विद्यापीठं ती मान्य करत नाहीत आणि मग दोन्हीकडे पैसे जातात. दात आणि डोळे मूळ विम्यात बहुधा नसतात, म्हणून दातांचं जे काही राहिलं असेल ते मिरजेत उरकून मगच निघा. जोडीदार सोबत येणार असेल तर त्याच्या किंवा तिच्या विम्याचा आकडा वेगळा विचारा. तो बराच मोठा असतो, आणि एफ-टू व्हिसावर जोडीदाराला नोकरी करता येत नाही.

४. गाव

भाडं हा सर्वांत मोठा खर्च. बोस्टन, सॅन डिएगो किंवा न्यूयॉर्कच्या आसपासचा वाटा आणि आयोवा किंवा कॅन्सासमधल्या विद्यापीठगावातला वाटा यांत दुपटीहून जास्त फरक सहज असतो. एमआयटीचा लिव्हिंग वेज कॅल्क्युलेटर काउंटीनुसार (तिकडचा जिल्हा) राहण्याचा खर्च दाखवतो. तो विनामूल्य आहे आणि दोन गावं शेजारी ठेवून बघायला उपयोगी पडतो. त्यातले आकडे विद्यार्थ्याच्या काटकसरीपेक्षा जास्त असतात, पण दोन गावांमधलं प्रमाण नीट कळतं.

स्वस्त गावात एक खर्च विसरला जातो: बस नसेल तर गाडी. गाडी आली की तिचा विमा आला, आणि नव्या चालकाला तो महाग पडतो. तिथल्या मराठी किंवा भारतीय विद्यार्थी मंडळाला विचारा की गाडीशिवाय वाणसामान आणता येतं का.

५. कर

कराबद्दल निम्मी ऐकीव माहिती फिरत असते. एवढं पक्कं धरा.

एफ-वनवर पहिली पाच कॅलेंडर वर्षं तुम्ही कराच्या दृष्टीनं सहसा अनिवासी असता. या काळात कॅम्पसवरच्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के कापले जायला नकोत. पहिली पगारपावती आली की हे तपासा आणि चुकून कापले असतील तर लगेच पेरोलला कळवा.

संघीय आयकर मात्र लागतो. अनिवासी माणसाला एरवी स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट वजा होणारी करमुक्त रक्कम) मिळत नाही, पण भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्याला ते मिळतं. २०२५ या करवर्षासाठी एकट्या माणसाचं डिडक्शन १५,७५० डॉलर आहे. त्यावरच्या पहिल्या ११,९२५ डॉलरवर १० टक्के आणि पुढे १२ टक्के. टीए-आरएला माफ झालेली ट्यूशन उत्पन्नात धरली जात नाही. फेलोशिपच्या करपात्र रकमेवर १४ टक्के आधी कापून ठेवू शकतात आणि विवरणपत्र भरल्यावर हिशेब होतो. म्हणजे तोपर्यंत हातात कमी येतं.

राज्याचा कर वेगळा. टेक्सस, फ्लोरिडा, वॉशिंग्टन, टेनेसी या राज्यांत पगारावर राज्याचा आयकर नाही. कॅलिफोर्नियात आहे, आणि ते राज्य भारत-अमेरिका कर करार मानत नाही.

६. आता बेरीज

समजा दोन ऑफर अशा आहेत. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे घालून बघा.

ऑफर अ, मोठं शहर, बारा महिने:
- स्टायपेंड ३०,०००
- वजा फी २,४००
- वजा विम्याचा अर्धा हप्ता १,६००
- वजा भाड्याचा वाटा १,१५० प्रमाणे वर्षाचे १३,८००
- वजा संघीय कर सुमारे १,४७०, राज्याचा कर सुमारे ९००
- उरले सुमारे ९,८३०

ऑफर ब, लहान गाव, नऊ महिने, राज्याचा आयकर नाही:
- स्टायपेंड २२,५००
- वजा फी १,१००
- विमा विद्यापीठाकडून पूर्ण
- वजा भाड्याचा वाटा ५५० प्रमाणे ६,६००
- वजा संघीय कर ६७५
- उरले १४,१२५

पत्रावर ७,५०० डॉलरनं लहान असलेली ऑफर हातात सुमारे ४,३०० डॉलर जास्त ठेवते, आणि उन्हाळ्यात काम मिळालं तर ते वेगळं. गाडी घ्यावी लागली तर हा फरक बराचसा खाल्ला जाईल, म्हणून तीही ओळ घाला. पहिल्या कॅलेंडर वर्षात ऑगस्ट ते डिसेंबरचंच उत्पन्न असतं, ते बहुधा डिडक्शनच्या आत बसतं. त्यामुळे हा हिशेब पूर्ण वर्षाचा म्हणजे दुसऱ्या वर्षाचा करा.

७. पैसा येतो कुठून

हातात उरणाऱ्या रकमेइतकाच हा भाग महत्त्वाचा आहे, आणि पालकांना तो समजावून सांगणं तुमचं काम आहे.

टीएचा पैसा विभागाच्या अंदाजपत्रकातून येतो. पदवीचे विद्यार्थी आहेत तोवर लॅब घेणारे लागतात, म्हणून तो तुलनेनं स्थिर असतो. आरएचा पैसा प्राध्यापकाच्या अनुदानातून येतो, बहुतेकदा एनएसएफ, एनआयएच (विज्ञान आणि आरोग्य संशोधनाला पैसा देणाऱ्या संघीय संस्था) किंवा संरक्षण खात्याच्या. अनुदान संपलं आणि नवं आलं नाही की आरए थांबते. २०२५ मध्ये संघीय संशोधन अनुदानांना कात्री लागली तेव्हा काही विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या, काहींनी दिलेले प्रवेशही मागे घेतले. म्हणून आरएची ऑफर असेल तर प्राध्यापकांना सरळ विचारा: अनुदान कोणतं, कधीपर्यंत, आणि ते संपलं तर विभाग टीए देतो का. हा प्रश्न विचारणं उद्धटपणाचं नाही. चांगले प्राध्यापक त्याचं मोकळं उत्तर देतात, आणि उत्तर टाळलं गेलं तर तीही माहितीच आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. आरएचं काम बहुधा तुमच्या प्रबंधाचंच काम असतं, टीएचे २० तास प्रबंधाबाहेरचे. पीएचडीला पाचही वर्षं फक्त टीए असेल तर पदवी लांबते. पहिलं वर्ष टीए किंवा फेलोशिप, पुढे आरए, मध्ये अडचण आली तर टीएचा आधार: अशी रचना लेखी देणारा विभाग, वर्षाला हजार-दोन हजार डॉलर कमी असला तरी, पसंत करावा.

काही विद्यापीठांत ग्रॅज्युएट कर्मचाऱ्यांची संघटना आहे. मिशिगन विद्यापीठातली जीईओ किंवा कॅलिफोर्निया विद्यापीठातली यूएडब्ल्यू ही उदाहरणं. तिथल्या करारात किमान पगार, विमा, कामाचे तास, तक्रारीची पद्धत हे छापील असतं आणि कुणालाही वाचता येतं. पत्रात जे नाही ते तिथं सापडतं.

८. टीए असेल तर इंग्रजी बोलण्याची अट

टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतली एकूण बेरीज चांगली असूनही इथं अडकायला होतं. टीएसाठी बोलण्याच्या विभागाचा वेगळा किमान गुण असतो, किंवा पोहोचल्यावर विद्यापीठ स्वतःची बोलण्याची परीक्षा घेतं. त्यात कमी पडल्यास वर्ग मिळत नाही, पेपर तपासायचं काम देतात किंवा आधी इंग्रजीचा कोर्स करायला लावतात. क्वचित नेमणूकच पुढे जाते. परीक्षा कधी, पहिल्यांदा न जमल्यास स्टायपेंड चालू राहतो का, हे आधी विचारा. आणि एप्रिल ते जुलै रोज एखादा विषय फळ्यासमोर उभं राहून इंग्रजीतून समजावून सांगण्याचा सराव करा. मराठी माध्यमातून आलेल्यांना याचा फार उपयोग होतो.

९. प्रश्न लेखी विचारा

सगळे प्रश्न एकाच मेलमध्ये, क्रमांक घालून, ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला, म्हणजे विभागात एमएस-पीएचडीचं कामकाज पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला. पैशाचे तपशील प्राध्यापकांपेक्षा त्यांना जास्त नेमके माहीत असतात. आधी दोन ओळी आभाराच्या, मग हे: नेमणूक किती महिन्यांची, वेव्हर किती क्रेडिटचा, कोणती फी माझ्याकडे, विम्याचा वाटा, गेल्या उन्हाळ्यात किती विद्यार्थ्यांना काम मिळालं, हमी किती वर्षांची, पहिला पगार कोणत्या तारखेला.

नंतर तिथल्या दोन विद्यार्थ्यांशी बोला, त्यातला एक तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा असावा. आपल्याकडचे संध्याकाळचे साडेसात म्हणजे मार्चच्या मध्यानंतर न्यूयॉर्कला सकाळचे दहा. फोनवर मिळालेलं कोणतंही आश्वासन "आपण बोललो त्याप्रमाणे" असं मेलमध्ये लिहून त्यावर उत्तर मागा.

पैसे वाढवून मागावेत का? पीएचडीला दुसरी मोठी ऑफर असेल तर सौम्य शब्दांत जरूर विचारा. स्टायपेंडचा दर सहसा ठरलेला असतो. त्याऐवजी पहिल्या उन्हाळ्याचं काम, एकदाच मिळणारी फेलोशिप किंवा फी-माफी मागितली तर होकाराची शक्यता जास्त.

१०. १५ एप्रिल

काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावावर अमेरिकेतल्या शेकडो विद्यापीठांनी सह्या केल्या आहेत. त्यानुसार आर्थिक मदतीच्या ऑफरला १५ एप्रिलपूर्वी उत्तर द्यायचं बंधन विद्यार्थ्यावर नाही. यादी काउन्सिलच्या संकेतस्थळावर आहे. कुणी "आठ दिवसांत कळवा" म्हणालं तर आधी यादीत नाव पाहा आणि ठरावाचा नम्र उल्लेख करून मुदत मागा. मात्र विनाफंडिंग प्रवेशाला हा ठराव लागू नाही. तिथं डिपॉझिटची तारीख आधीची असू शकते. १५ एप्रिलची वाट बघत असाल तर आपल्या घड्याळानं त्याच दिवशी दुपारपर्यंत उत्तर पाठवा.

जी ऑफर घ्यायची नाही हे ठरलं ती लगेच नाकारा. ती जागा प्रतीक्षायादीतल्या कुणाला तरी मिळते, कदाचित तुमच्याच कॉलेजच्या मुलीला.

११. तूट, कर्ज आणि पहिले सहा आठवडे

आय-ट्वेंटीवर (व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या फॉर्मवर) वर्षाचा अंदाजे खर्च आणि विद्यापीठाकडून मिळणारी रक्कम असते. दोन्हींतला फरक तुम्हाला दाखवावा लागतो: बँक खातं, मुदत ठेव किंवा कर्जमंजुरीचं पत्र. शेती असलेल्या घरांत इथं गोंधळ होतो. सातबाऱ्यावर पाच एकर बागायत असली तरी ती रोख रक्कम धरली जात नाही, आणि शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून बँका शेतजमीन सहसा घेत नाहीत. त्यांना एनए प्लॉट, घर, फ्लॅट किंवा ठेव लागते. म्हणून एप्रिलमध्ये ऑफर ठरली की त्याच आठवड्यात घराचे कागद, प्रॉपर्टी कार्ड आणि करपावत्या घेऊन बँकेत जा.

कर्ज मंजूर जास्त करून घेऊन उचल कमी करता येते, व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशावर टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच वसूल करते तो कर) नाही. स्वतःच्या पैशातून पाठवत असाल तर वर्षाला १० लाखांच्या वरच्या रकमेवर लागतो.

पहिला पगार पोहोचल्यापोहोचल्या मिळत नाही. ऑगस्टच्या मध्याला रुजू झालात तर तो सप्टेंबरच्या मध्यात किंवा शेवटीही येऊ शकतो. सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठी उतरल्यावर साधारण दहा दिवस थांबून अर्ज करायला सांगतात. काम करण्याची परवानगी आहे हे दाखवणारा आय-नाइन फॉर्म रुजू झाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत पूर्ण व्हावा लागतो, त्यासाठी पासपोर्ट, आय-नाइन्टीफोर (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) आणि आय-ट्वेंटी हाताशी ठेवा. या काळात घराचं डिपॉझिट, पहिलं भाडं, गादी, भांडी आणि कधी सत्राची पूर्ण फीही एकदम येते. दोन महिन्यांचा खर्च आणि डिपॉझिट मिळून होईल तेवढी रक्कम फॉरेक्स कार्डवर घेऊन निघा, आणि फी पगारातून हप्त्यानं कापून घेण्याची सोय आहे का ते बर्सरला जुलैतच विचारा. ती सोय बऱ्याच ठिकाणी असते, पण मुदतीत फॉर्म भरणाऱ्यांनाच मिळते.